गोलित्सावरच्या दोन वाटा

रासेमाने "नाही" म्हटलं तेव्हा तिच्या तोंडात जवाच्या सूपचा घास होता, आणि तो तिने आधी नीट गिळला. मी तिच्या शेजारीच बसले होते, म्हणून छातीठोकपणे सांगते की ते "नाही" रागाच्या भरात निघालेलं नव्हतं. पुढे आमच्या येसेनित्से गावभर लोकांनी काय काय पसरवलं, त्याला माझा इलाज नाही.

नोव्हेंबर संपत आला होता. गोलित्सा डोंगरावरच्या निवाऱ्यात, शेगडीजवळच्या लांब टेबलाशी आमचा पेन्शनरांचा गट बसला होता आणि आमचा म्होरक्या बोगोमिर हिवाळ्याचा बेत सांगत होता. बेत दरवर्षीचाच. दर शनिवारी खालच्या वाडीतून गोलित्सा चढायचा, बर्फ असो की वारा. वाडीच्या टोकाला जळाऊ ओंडक्यांची रास असते. ज्याने त्याने झेपतील तेवढे ओंडके पाठीवर घ्यायचे आणि वर आणून टाकायचे. निवारा चालवणारी पाव्ला त्याबद्दल चहा फुकट देते. तिची शेगडी पेटती राहते आणि आपल्या पायांत जुलैपर्यंत त्रिग्लाव, म्हणजे देशातलं सगळ्यात उंच शिखर, चढायचं बळ येतं.

"हिवाळ्यात दांडी मारणाऱ्याने जुलैत माझ्याकडे यायचं नाही," बोगोमिर म्हणाला. मग खुंटीवरची दोरी काढून त्याने टेबलावर आपटली. "आणि यंदा ही कोण कोण खाणार?"

त्रिग्लाव पहिल्यांदा चढलेल्याला माथ्यावर वाकवून बुडावर दोरीचे तीन फटके द्यायचे, हा आमच्याकडचा रिवाज. त्याशिवाय चढलेलं कुणी धरत नाही. यंदा नवे आम्ही तिघे होतो: रासेमा, पोस्टातून निवृत्त झालेला सिल्वो आणि मी. हो, बासष्ट वर्षांची होईपर्यंत मी त्रिग्लाव चढले नव्हते. आमच्या देशात हे कबूल करणं म्हणजे मी आंघोळ करत नाही असं सांगण्यासारखं आहे. कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करून, तीन पोरं वाढवून उरलेल्या वेळात मला झोपायला आवडायचं, डोंगर चढायला नाही. रासेमा जाते म्हणाली म्हणून मी तयार झाले.

"तिल्का, तुझं बूड कँटीनमध्ये चांगलं पोसलंय. तुला काही लागायचं नाही," बोगोमिर मला म्हणाला.

"तू आधी नेम धर. परवा तुला चहात साखर नीट टाकता येईना."

सगळे हसले. तेवढ्यात रासेमाने घास गिळला आणि म्हणाली, "नाही."

"काय नाही?"

"चढेन. दोरी नाही."

"अगं, गंमत असते ती! मंत्री खातात, डॉक्टर खातात..."

"खाऊ देत की."

"त्याशिवाय धरत नाहीत."

"कोण धरत नाही?"

"सगळे."

"मग सगळ्यांनी नका धरू," असं म्हणून तिने पावाचा तुकडा सुपात बुडवला.

बोगोमिरच्या मानेवरची शीर फुगली. माणूस वाईट नाही तो, पण रिवाजाला हात लावला की त्याला आपल्या आईला कुणी बोलल्यासारखं होतं. तो सावकाश उठला आणि म्हणाला, "तर मग आमच्या गटात तुमचं काही काम नाही, रासेमाबाई."

हजार मीटरच्या वर आमच्याकडे सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, मग तो न्यायाधीश असो की झाडूवाला. त्या "तुम्ही"ने टेबलावरचं हसू एकदम थंडावलं. आणि हे दोघं तर पोलादाच्या कारखान्यातले. रासेमा वर क्रेनच्या खोक्यात बसायची आणि बोगोमिर खाली लोखंडाला साखळ्या अडकवायचा. त्याने हाताने खूण करायची, तिने उचलायचं. टनावारी लाल लोखंड ती त्याच्या टाळूवरून न्यायची आणि हा खाली उभा राहून बिनधास्त सिगरेट ओढायचा. तिच्या हातावर इतका भरवसा त्याने स्वतःच्या बायकोवरही ठेवला नसेल.

रासेमाने सूप संपवलं, ताटली पाव्लाकडे नेऊन दिली आणि एकटीच खाली उतरली.

ती आमच्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहते. पुढच्या शनिवारी अंधार असतानाच तिचे बूट जिन्यावरून गेलेले मी ऐकले. मी मात्र गटाबरोबर गेले. एकटीने बर्फात शिरायची माझी छाती नाही, आणि रासेमाने मला चल म्हटलंही नव्हतं.

त्या आठवड्यात पहिला मोठा बर्फ पडला होता. आम्ही ओंडके पाठीला बांधून निघालो आणि पाहतो तर पुढे वाट तयार! कुणीतरी आधीच जाऊन बर्फ तुडवला होता. पावलं लहान, अंतर सारखं, वळणंही अगदी शहाणपणाची. ज्यांनी भुसभुशीत बर्फात वाट पाडलेली आहे त्यांनाच ठाऊक की पुढच्याने काय सोसलेलं असतं. मागच्यांना काय, जिन्यासारखं चढायचं. सिल्वो तर शीळ घालत होता. झाडी संपली आणि वरच्या उघड्या चढावर आम्हाला एक लाल टोपी दिसली.

बोगोमिर थांबला. आम्हीही थांबलो. त्याने त्या टोपीकडे पाहिलं, पायाखालच्या वाटेकडे पाहिलं आणि एक मोठं पाऊल उचलून बाजूच्या कोऱ्या बर्फात टाकलं. गुडघ्यापर्यंत आत गेला.

"आपली वाट आपण पाडायची," तो म्हणाला. "चला."

"इथे आहे की वाट," सिल्वो म्हणाला.

"ती आपली नाही."

मग काय, आम्ही शहाणीसुरती म्हातारी माणसं, पाठीवर ओंडके घेऊन, चांगली वाट हाताच्या अंतरावर सोडून बर्फात धडपडत चढलो. मी मनातल्या मनात त्याला काय काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला. दर शनिवारी तेच. रासेमा तासभर आधी निघायची, तीन ओंडके घेऊन. बोगोमिर दोन घ्यायचा. तिने तीन घेतले हे कळल्यावर त्यानेही तीन केले, आणि दुसऱ्या दिवशी त्याची कंबर धरली. गोलित्साच्या उघड्या अंगावर शेजारी-शेजारी दोन वाटा उमटायच्या, एक सरळ आणि एक तिच्याशी भांडत गेलेली. वाडीतली माणसं उन्हाला बसून पाहायची. बेकरीत मला विचारायची, "काय तिल्काबाई, या आठवड्यात कुठल्या वाटेने?" नव्याने बर्फ पडून दोन्ही वाटा बुजल्या की लोकांना हळहळ वाटायची. आणि पुढच्या शनिवारी त्या पुन्हा उमटायच्या.

मला वाटत होतं, ती थकेल. सहासष्ट वर्षांची बाई, डावा गुडघा कुरकुरणारा, मुलगा परदेशातून फोन करून ओरडणारा. एके दिवशी मी तिच्याकडे कॉफीला गेले आणि सरळ विचारलं, "तीन फटके ते. पोरासोरांचा खेळ. एवढं काय आहे त्यात?"

तिने लांब दांड्याच्या भांड्यातली कॉफी माझ्या कपात ओतली. फेस नीट वाटून दिला. मग म्हणाली, "तुला ती खिडकी आठवते?"

मला कुठली आठवायला! पण ते साल आठवतं. जुना मोठा देश फुटून आमचा नवा देश झाला आणि जुन्याच्या दुसऱ्या गणराज्यांत जन्मलेल्या हजारो लोकांची नावं रहिवाशांतून गुपचूप पुसली गेली. रासेमा बॉस्नियातून एकोणिसाव्या वर्षी इथे आली होती. तिचं लग्न इथलं, मुलगा इथला, नवऱ्याचं थडगंही इथलंच. एका सकाळी ती कुठलीच उरली नाही. कागद गेले, मग नोकरी गेली. पुढे कित्येक वर्षं ती हॉटेलांच्या खोल्या झाडत होती, तेही लपून.

"त्या कचेरीतली खिडकी बुटकी होती," ती सांगू लागली. "इथपर्यंत." तिने कमरेजवळ हात धरला. "बोलायचं तर वाकावं लागायचं. आतली बाई बसलेली, मी वाकलेली. 'मी इथेच राहते हो,' असं त्या भोकातून सांगायचं. दरवेळी नवी बाई. दरवेळी वाकायचं. किती वर्षं, तिल्का! मी जिथे राहते तिथे राहते, एवढंच सांगायला. आता मी कुणाचं व्हायला वाकणार नाही. डोंगर पाहिजे मला. वर क्रेनमधून मला खिडकीतून दिसायचा तो, रोज. तेव्हापासून जायचंय. पण इथली आहे हे ठरवून घ्यायला नाही जायचं मला. इथली आहेच मी."

कागद परत मिळाले तेव्हा तिची क्रेन दुसऱ्याला गेली होती. ती रोज कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहायची. भांडायची नाही, नुसती उभी. शेवटी साहेबांनाच लाज वाटली की कंटाळा आला, कोण जाणे, पण क्रेन तिला परत मिळाली. बोगोमिर तेव्हा कुठे होता? आम्ही सगळे होतो तिथेच, आपापल्या कामावर. त्या दिवशी कॉफी मला कडू लागली आणि दोष साखरेचा नव्हता.

फेब्रुवारीत गट फुटायला लागला. आधी सिल्वो. झाडी संपल्यावर तो बुटाची नाडी बांधायला वाकला आणि उठला तो थेट रासेमाच्या वाटेवर. "पाय घसरला," म्हणाला. पाय घसरून माणूस चढाच्या वरच्या बाजूला कसा जातो हे त्यालाच ठाऊक. पुढच्या आठवड्यात आणखी दोघं घसरले. मी घसरण्याचं सोंग केलं नाही. मी बोगोमिरला म्हटलं, "मी चालले तिकडे. तुझ्या अकडीपायी माझे गुडघे मी देणार नाही."

"जा," तो म्हणाला. "रिवाज काय माझ्या एकट्याचा आहे?"

"दिसतंय तर तसंच."

मार्चमध्ये बर्फ ओला झाला, जड, पाय धरून ठेवणारा. शेवटचे तीन-चार शनिवार बोगोमिरच्या मागे एकही माणूस नव्हता. आम्ही सगळे एका रांगेत, आणि पलीकडे तो, मांडीपर्यंत रुतलेला, ओंडक्यांखाली वाकलेला, एकटा आपली वाट पाडत होता. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, उलट त्याला हाक मारावीशी वाटली. पण हाक मारली असती तरी तो आला नसता, आणि रासेमाही मागे वळून पाहत नव्हती. दोघं एकाच भट्टीतून निघालेली.

तो निवाऱ्यात पोचला तेव्हा आमचा दुसरा चहा चालू होता. पँट भिजून काळी, मिशीला बर्फ. तो दुसऱ्या टेबलाशी जाऊन बसला. रासेमा पाव्लाला मोठ्याने म्हणाली, "याचा चहा जरा कडक कर ग. लांबच्या वाटेने आलाय."

बोगोमिरने मान वर केली नाही, पण चहा प्यायला.

मे महिन्यात गोलित्सावर पांढरी फुलं आली आणि जुलैचं ठरवायची वेळ झाली. सिल्वोने सगळ्यांच्या वतीने सांगितलं की रासेमा नसेल तर गट जाणार नाही. हिवाळाभर आम्ही तिच्या वाटेवरून चढलो आणि आता तिला खाली ठेवून जायचं, एवढे निर्लज्ज आम्ही नाही.

बोगोमिरने खुंटीवरची दोरी काढून गुंडाळली. "येऊ दे," अखेर तो म्हणाला. "पण दोरी माझ्या पिशवीत असणार. आणि माथ्यावर ती बाहेर निघणार. सांगून ठेवतो."

"असू दे," रासेमा म्हणाली. "ओझं तुझंच आहे."

म्हणजे तंटा मिटला नाही, नुसता हजार मीटर वर सरकला.

जुलैत निघालो. आदल्या दिवशी वरच्या निवाऱ्यात मुक्काम केला आणि उजाडता उजाडता शेवटच्या कड्याला लागलो. तिथे दगडात खुंट्या ठोकलेल्या आहेत आणि धरायला पोलादी दोर आहे. दोन्ही बाजूंना काहीच नाही, हवा. तिथे मी कड्याला मिठी मारून बसले आणि जाहीर केलं की मी इथेच राहणार, हेलिकॉप्टर बोलवा. रासेमा पुढे होती. तिने आधी दोराला हिसका देऊन पाहिला, दोर दगडाला पकडणाऱ्या चापावर अंगठा दाबून पाहिला.

"कुणीतरी नीट आवळलंय," ती म्हणाली. "चल तिल्का. खाली काय बघतेस? खाली आपलं काही राहिलंय का?"

मागून बोगोमिरचा आवाज आला, "डावा पाय वर घे. त्याच्याही वर खुंटी आहे. हां." हिवाळ्यात रुतवून रुतवून त्याने आपला गुडघा बिघडवून घेतला होता, आणि तो लंगडत होता हे मला तेव्हाच दिसलं. रासेमाला तर निवाऱ्यापासूनच दिसलं असणार. तिने चाल कमी केली होती.

मग एकदम वर चढायला काही उरलंच नाही. माथा आला. माथ्याची खूण म्हणून उभारलेला पत्र्याचा छोटा मनोरा, भोवती माणसांची दाटी, सगळे एकमेकांचे हात हातात घेऊन अभिनंदन करत होते. मला रडू आलं आणि मी रडले. ऊन होतं, वारा होता, आणि खाली आमचं खोरं, इतकं अरुंद की एवढी माणसं तिथे मावतात कशी असं वाटलं. रासेमा टोपी काढून नुसती बघत होती.

बोगोमिरने पिशवी उघडली आणि दोरी काढली.

आजूबाजूच्या परक्या लोकांना वाटलं, आता मजा! त्यांनी गोल केला, कुणी फोन वर धरले. सिल्वो पहिला वाकला आणि तीन खाऊन टुणटुण उड्या मारत सरकला. मग मी. मला खायचे होतेच. माझा रिवाज आहे तो, माझ्या बापाने फटके खाल्ले, आईने खाल्ले. बोगोमिरने हात राखला नाही. चांगले सणसणीत बसले, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

मग तो रासेमासमोर उभा राहिला. ती हलली नाही. लोक टाळ्यांचा ठेका धरून "वाका, आजी, वाका!" ओरडायला लागले.

"नाही," ती म्हणाली.

टाळ्या विस्कटत थांबल्या. कुणीतरी मागून म्हणालं, "मग आलात कशाला?"

"चढायला," रासेमा म्हणाली. "चढले."

"चाळीस वर्षं मी माणसं वर आणतोय," बोगोमिर तिला म्हणाला. "फटका न खाता एकही उतरलेला नाही. एकही नाही, रासेमा. तुझ्यासाठी मी हे मोडू?"

"मोडू नकोस. मी वाकणार नाही."

"मला माहितेय," तो म्हणाला. "अख्खा हिवाळा माहितेय."

तो तिच्याकडे पाहत राहिला. ती सरळ उभी, हातात टोपी, पांढरे केस वाऱ्यावर. घाबरली होती, मला कळत होतं, कारण ती माझी शेजारीण आहे आणि घाबरली की ती नाकाने जोरजोरात श्वास घेते. पण पाठीचा कणा तसूभर ढळला नाही. एवढ्या परक्या माणसांच्या वर्तुळात तिला एकटीला उभं पाहून माझ्याच मुठी आवळल्या होत्या. बोगोमिरने तिला हात लावला असता तर मी त्याला माथ्यावरून खाली टाकला असता.

पण बोगोमिर वळला. त्याने दोरी माझ्या हातात दिली.

"तू आत्ताच खाल्लेस, तुला हक्क आहे," तो म्हणाला. "रिवाज मोडायचा नाही. तिच्या वाटचे मी खातो."

आणि तो म्हातारा, बिघडलेला गुडघा सांभाळत, दोन्ही हात दगडावर टेकवून, सगळ्या गर्दीसमोर, रासेमाच्या पायांपुढे वाकला.

मी रासेमाकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण ती मला थांब म्हणाली नाही. मग मी हात वर केला. पहिला मारला. दुसरा मारला. तिसऱ्याला माझाच हात ढिला पडला, कारण मला दिसेनासं झालं होतं.

रासेमाने टोपी डोक्यावर चढवली.

"तिसरा नीट नाही बसला, तिल्का," ती म्हणाली. "माझ्या वाटचा आहे तो. परत मार."